तंजावरचे गोधन आणि रोगप्रतिकाराचा वारसा

तंजावर हे नाव ऐकताच मराठी श्रोत्याच्या मनात काही ठरावीक चित्रे उभी राहतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीकाठी राज्य स्थापणारे व्यंकोजी राजे, बृहदीश्वराच्या देवालयात १८०३ साली कोरला गेलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, आणि मोडी कागदांनी व तालपत्रांनी भरलेले सरस्वती महाल ग्रंथालय, ही ती चित्रे होत. आज ज्या वारशाविषयी मी बोलणार आहे तो मात्र दगडावर नाही व कागदावरही नाही. तो गोठ्यात आहे. गाय व्याल्यानंतर तिच्या गर्भाशयाला जो रोग जडतो, त्याच्याशी झुंजण्याची ताकद काही गाईंच्या अंगी उपजत अधिक असते आणि काहींच्या अंगी कमी असते. ही ताकद आईबापांकडून येते काय, येत असल्यास किती, आणि हे आपल्याला ओळखता येईल काय, हा माझा विषय आहे. तो पशुवैद्याचा विषय आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्याच्या मुळाशी इतिहासाचा एक प्रश्न आहे, आणि माझ्यासारख्या सरकारी चाकरी करणाऱ्या माणसाला तो चुकवता येत नाही.

तो माझ्या वाट्याला कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका दुष्काळी तालुक्यात नेमणुकीवर असताना संकरित गाई वाटण्याची एक योजना माझ्या सहीने पार पडली. वीस कुटुंबांना वीस गाई मिळाल्या. गाई देखण्या होत्या, कासदार होत्या. पहिल्या वेतातच त्यांतील काही गाईंचा घात झाला. कोणाची वार पडली नाही, कोणाच्या अंगावरून दुर्गंधी स्राव सुरू झाला, कोणी ताप भरून चारा सोडला. ज्या वाचल्या त्यांतील काही पुढे माजावर येईनात, आल्या तर उलटू लागल्या. अशाच एका गाईच्या दावणीपाशी उभ्या असलेल्या एका विधवा बाईंनी मला विचारले, “साहेब, गाईचं रक्तच असलं व्हतं, का माझ्याच हाताला यश न्हाई?” मला उत्तर देता आले नाही. कचेरीत परत येऊन मी फाईल उघडली. तिच्यात गाईची किंमत होती, कानातील बिल्ल्याचा क्रमांक होता, विम्याची पावती होती. त्या गाईचा बाप कोण, तिच्या आईची वेते कशी झाली, तिच्या बहिणींचे काय झाले, यांविषयी एक अक्षर नव्हते. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या फाईलमध्ये असू शकले असते. आम्ही ते लिहिलेच नव्हते.

पुढे काही वर्षांनी रजा घेऊन तंजावरला गेलो, तो इतिहासाच्या आवडीने. परंतु ती फाईल मनातून गेली नव्हती, आणि तंजावरने तीच पुन्हा माझ्यापुढे उघडली.

सरफोजी राजे दुसरे हे १७९८ साली गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला व त्याचा परिसर तेवढा उरला. राज्य गेले तेव्हा या पुरुषाने विद्येचे राज्य उभारले. धन्वंतरी महाल नावाची संस्था काढून त्यांनी देशी वैद्यांना आणि पाश्चात्त्य वैद्यकाला एका छपराखाली आणले. तेथे अनुभवास उतरलेले औषधोपचार पुढे ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ या नावाने तमिळ पद्यात बांधले गेले. डोळ्यांच्या विकारांवर राजांचे विशेष लक्ष होते. त्या रोग्यांचे जे कागद सरस्वती महालात जपून ठेवलेले आहेत, त्यांत रोग्याची हकीकत आहे, केलेला उपचार आहे, आणि विकारग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका संस्थानिकाला हे उमगले होते की, एका रोग्याला बरे करणे हा धर्म असेल, पण त्याची नोंद ठेवणे म्हणजे पुढच्या शंभर रोग्यांवर उपकार करणे होय.

जनावरांचीही विद्या या दरबारात होती. नकुलाच्या नावाने चालत आलेले अश्वशास्त्र आणि पालकाप्याच्या नावाने चालत आलेले गजशास्त्र यांच्या पोथ्या सरस्वती महालात आहेत, आणि ग्रंथालयाने त्या छापूनही काढल्या आहेत. घोडा व हत्ती ही राजाची जनावरे. त्यांच्या शुभाशुभ लक्षणांपासून रोगांपर्यंत सारे काही लिहून ठेवण्यास विद्वान तत्पर असत. गाय ही रयतेची. तिच्या रोगांवर तमिळ भाषेत ‘माट्टु वागडम्’ या नावाने ओळखले जाणारे लहानमोठे ग्रंथ आहेत. परंतु तिची खरी विद्या गुराख्यांच्या आणि घरच्या बायकांच्या तोंडी राहिली, आणि तोंडची विद्या ही माणसाबरोबर सरणावर जाते.

तंजावर मुलखातील गाय कोणती, हेही पाहण्यासारखे आहे. कावेरीच्या मुखाकडील सखल, चिखलट भातशेतीत उंबळाचेरी नावाची जात घडली. ज्या गावावरून हे नाव पडले ते पूर्वी तंजावर जिल्ह्यात होते, हल्ली नागपट्टिनम जिल्ह्यात आहे. वासरू जन्मते तेव्हा तांबूस असते व काही महिन्यांनी करडे होते; कपाळावर पांढरा टिळा, पायांवर आणि शेपटीच्या गोंड्यावर पांढरेपणा. बैलांची शिंगे काढून टाकण्याची तिकडे चाल आहे, म्हणून त्यांना ‘मोट्टै माडु’, म्हणजे बोडके बैल, असेही म्हणतात. गुडघाभर चिखलात, डोक्यावर ऊन घेऊन दिवसभर राबणारी ही जात आहे. गाय दूध मात्र बेताचे देते. दिवसाकाठी दोन लिटरांच्या आसपास. आपल्याकडील खिलारीचे किंवा डांगीचे जे वर्णन आपण करू, तेच थोड्याफार फरकाने हिला लागू पडेल. शतकानुशतके शेतकऱ्याने हिला निवडले ते दुधासाठी नव्हे, टिकण्यासाठी.

तिच्या पूर्वजांनी काय काय सोसले, याची एक झलक इतिहासात मिळते. १७८१ साली हैदरअलीच्या स्वारीने तंजावर मुलूख उजाड झाला. गावे ओस पडली, कालवे बुजले, गुरे हाकून नेली गेली. त्यातून जी जनावरे उरली, त्यांच्याच वंशावर पुन्हा शेती उभी राहिली. पुढील शतकात बुळकांडीच्या साथींनी हिंदुस्थानभर गुरांचा संहार केला. हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने गुरांच्या साथींविषयीचा आपला अहवाल १८७१ साली दिला. हे हॅलन पुण्यातील सैनिकी पशुवैद्यकशाळेशी संबंधित होते. १८८९ साली पुण्यातच जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली व ती थोड्याच वर्षांत हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलली. आनुवंशिक प्रतिकाराची एक मोठी साक्ष या मुक्तेश्वरातच मिळाली. बुळकांडीचे तेच विष टोचले असता मैदानातील देशी गुरे बहुधा तरून जात, कुमाऊँच्या डोंगरी गुरांना ते भारी पडे, आणि विलायती रक्ताची गुरे तर पटापट दगावत. १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड्स यांनी बकऱ्यांच्या अंगातून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केलेली लस तयार केली, ती देशी गुरांना मानवली. संकरित व विलायती गुरांसाठी मात्र पुढे अधिक सौम्य लस शोधावी लागली. विष एकच, लस एकच. फरक होता तो जनावराच्या रक्तात. बुळकांडी आता नामशेष झाली आहे. भारतातील तिचा शेवटचा उद्रेक १९९५ साली तामिळनाडूतच नोंदला गेला आणि २०११ साली जग त्या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तिने शिकविलेला धडा मात्र जुना झालेला नाही.

आता गर्भाशयाच्या रोगाकडे वळू. गाय व्याली की गर्भाशयाचे तोंड उघडे असते. त्या वाटेने शेणातील, मातीतील, माणसाच्या हातावरील जंतू आत शिरतात. पहिल्या दोन आठवड्यांत शंभरांतील ऐंशी ते शंभर गाईंच्या गर्भाशयात जंतू सापडतात, असे संशोधकांना आढळले आहे. म्हणजे जंतूंचा शिरकाव हा अपवाद नव्हे, तो नियम आहे. तरीही बहुतेक गाई तीन-चार आठवड्यांत आपले अंग आपणच स्वच्छ करतात, आणि चाळीस-पन्नास दिवसांत गर्भाशय पूर्वस्थितीवर येते. काहींना मात्र हे साधत नाही. भरपूर दुधाच्या विलायती कळपांत शंभरांतील वीस ते चाळीस गाईंना या काळात कमीअधिक गर्भाशयदाह होतो. जंतू सर्वांच्या घरी आले; मग एकीनेच दार का लावले आणि दुसरीला ते का लावता आले नाही?

१८४७ साली व्हिएन्नातील प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी बाळंतरोगाचे कारण शोधताना प्रश्नाचा एक अर्धा भाग सोडविला. शवविच्छेदन करून आलेल्या वैद्यांच्या हातांनीच विष बाळंतिणीपर्यंत जाते, हे ओळखून त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले, आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. गोठ्यालाही हा नियम तंतोतंत लागू आहे. अडकलेली वार ओढून काढणारा न धुतलेला हात आणि कृत्रिम रेतनाची अस्वच्छ नळी यांनी किती गाई नासवल्या असतील, याची गणना नाही. परंतु त्याच हातांनी तपासलेल्या दोन बाळंतिणींपैकी एक जगते व एक जात नाही काय? हा प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग होय, आणि त्याचे उत्तर मिळण्यास आणखी दीड शतक जावे लागले.

शरीराच्या पेशींवर जणू पहारेकरी बसलेले असतात. जंतूच्या कवचातील एखादा पदार्थ ओळखला की ते हाकाटी करतात. ती ऐकून रक्तातील पांढऱ्या पेशी धावत येतात आणि जंतूंना गिळतात. प्रयोगशाळेतील उंदरांचा एक वंश असा होता की, आतड्यातील जंतूंच्या कवचाचे विष टोचले तरी त्याला काहीच होत नसे. पण खरे जिवंत जंतू सोडले की तो चटकन मरे. १९९८ साली ब्रूस बॉइट्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या वंशात पहारेकऱ्याचा एक जनुकच बिघडलेला आहे. विष बाधत नव्हते, कारण ते आल्याची वर्दीच लागत नव्हती. या शोधाबद्दल बॉइट्लर हे २०११ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. गाईच्या गर्भाशयाच्या अस्तरातील पेशींवरही हाच पहारेकरी असतो. २००९ साली हेरफर्ड जातीच्या डॉमिनेट नावाच्या गाईचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे बावीस हजार जनुके आढळली. तेव्हापासून पहारेकऱ्याच्या, हाकाटीच्या आणि श्वेतपेशींच्या जनुकांतील बारीक फरक व गर्भाशयाचे रोग यांचे नाते निरनिराळ्या देशांत तपासले जात आहे.

येथे मात्र सावध राहिले पाहिजे. या रोगात आनुवंशिकतेचा जो हिस्सा मोजला गेला आहे तो थोडा आहे. बहुधा शेकडा दहाच्या आतच. उरलेला हिस्सा गोठ्याचा, चाऱ्याचा, हवेचा, वितानाच्या अडचणींचा आणि माणसाच्या हाताचा. शिवाय भरपूर दूध देणारी गाय व्याल्यानंतर जेवढे खाते त्याहून अधिक दुधावाटे गमावते. अंगातील शक्तीचा साठा उणा पडला की श्वेतपेशीही दुबळ्या होतात. म्हणून उंबळाचेरीसारखी गाय व्याल्यावर सहसा कुरकुरत नाही असे शेतकरी सांगतात, तेव्हा त्याचे श्रेय तिच्या प्रतिकाराच्या जनुकांना किती द्यावे आणि तिच्या बेताच्या दुधाला किती द्यावे, हे नुसत्या अनुभवावरून ठरवता येणार नाही. देशी ते सारे बळकट आणि परके ते सारे नाजूक, ही समजूत सोयीची आहे. ती शास्त्र नव्हे.

मग हा थोडासा हिस्सा सोडून द्यावा काय? नाही. एका गाईपुरता तो थोडा आहे. पण एका वळूचे रेतन हजारो गाईंना होते, आणि त्याच्या हजारो लेकी त्या थोड्या हिश्शाच्या वारसदार होतात. चांगल्या वळूच्या लेकी आणि वाईट वळूच्या लेकी यांतील फरक एका गोठ्यात दिसत नाही. तो तालुक्यात दिसतो, जिल्ह्यात दिसतो, आणि तेथेही तो दिसतो तो फक्त नोंदींतून. नॉर्वेने १९७५ साली प्रत्येक गाईचे आरोग्यपत्रक देशभर सुरू केले. कोणती गाय कधी आजारी पडली व तिच्यावर काय उपचार झाला, हे त्यावर लिहिले जाई. अशा पत्रकांच्या राशीतून कोणत्या वळूच्या लेकी निरोगी राहतात हे कळू लागले, आणि १९७८ पासून कासदाह हा रोग तेथे वळूच्या निवडीत हिशेबात धरला जाऊ लागला. त्यासाठी जनुकसंच वाचण्याची वाट कोणी पाहिली नव्हती. कागद, शाई आणि चिकाटी एवढ्यावर ते साधले.

आपल्या देशात कृत्रिम रेतनाचा यशस्वी आरंभ १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाला. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या संस्थेने संकराचे काम खेडोपाडी नेले. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूधमहापुराने दुधाच्या व्यवसायाचे चित्रच पालटले. या साऱ्याने लक्षावधी घरांत दोन पैसे आले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण आम्ही गाईचे दूध मोजले, तिचे आजारपण मोजले नाही. दूध लिटरांत मोजता येते आणि त्याचे पैसे रोज मिळतात. आजारपणाची नोंद करणाऱ्याला कोणी पैसे देत नाही. माझ्या फाईलमधील कोऱ्या जागेचे कारण याहून निराळे नव्हते.

तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडु नावाचे गाव आहे. सरफोजी राजांनी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ तेथे १८०२ च्या सुमारास एक मोठे छत्र बांधले. त्याची कोरीव खांबांची वास्तू अजून उभी आहे. छत्रांच्या खर्चास धक्का लागू नये म्हणून राजांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटाला जे पत्र लिहिले, त्यात वाटसरूंच्या अन्नाची, रोग्यांच्या औषधाची आणि पोरक्या मुलांच्या शिक्षणाची हकीकत आहे. त्यातच असेही आहे की, गरोदर स्त्री आली तर तिचे बाळंतपण छत्राच्या खर्चाने होते आणि पुढे तीन महिने तिला तेथे राहण्याची मुभा असते. हे तीन महिने वाचून मी थबकलो. प्रसूतीनंतरचा काळ हाच खरा धोक्याचा, हे त्या व्यवस्थेने ओळखले होते. २०१२ साली याच ओरत्तनाडूत पशुवैद्यकाचे शासकीय महाविद्यालय निघाले. ज्या गावी बाळंतिणीला तीन महिने आसरा मिळे, त्याच गावी आता व्यालेल्या गाईची विद्या शिकविली जाते, हा योगायोग असेल. पण तो मला अर्थपूर्ण वाटला.

त्या बाजूच्या एका वृद्ध शेतकऱ्याशी एका मराठी भाषक गृहस्थांच्या मध्यस्थीने माझे बोलणे झाले. उंबळाचेरीची जोडी त्यांनी ट्रॅक्टर आल्यावर विकली होती. दारात एक संकरित गाय होती. जुन्या गाईंविषयी विचारले तेव्हा त्यांनी चार पिढ्यांची नावे, कोणती कोणाच्या पोटची, कोणाला वितानाचा त्रास झाला, कोणाच्या लेकींनाही तो झाला, हे सारे न अडखळता सांगितले. दारातल्या गाईचा बाप कोण, असे विचारताच ते हसले आणि त्यांनी हाताने सुई टोचल्याची खूण केली. त्या हसण्यात तक्रार नव्हती. पण माझ्या कानांत त्या विधवा बाईंचा प्रश्न पुन्हा उमटला. पूर्वी वंशाची माहिती होती आणि शास्त्र नव्हते. आता शास्त्र आहे आणि गोठ्यातील माहिती हरवली आहे.

ती पुन्हा जोडणे अवघड नाही. कानातील बिल्ल्याच्या क्रमांकापुढे गाईच्या बापाचे नाव लिहावे. वेत कधी झाले, वार किती तासांत पडली, स्राव कसा होता, पुन्हा गाभण कधी राहिली, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. उंबळाचेरी, खिलारी, डांगी, गवळाऊ यांसारख्या जातींचे शुद्ध वंश राखावेत. पूर्वजांच्या पुण्याईसाठी नव्हे, तर त्यांच्या रक्तात कोणत्या पहारेकऱ्यांचे गुण आहेत हे अद्याप पुरते वाचलेले नाही म्हणून. न वाचलेली पोथी रद्दीत घालणारा माणूस सरस्वती महालाच्या दारातून आत जाण्यास पात्र नाही. आणि हे सर्व होईपर्यंत हात धुवावेत, गोठा कोरडा ठेवावा, व्यालेल्या गाईला पोटभर चारा द्यावा. कारण नव्वद हिस्से तेथेच आहेत.

वसुबारसेच्या संध्याकाळी आपल्याकडे सवत्स धेनूची पूजा होते. लहानपणी मला वाटे की, पूजेत वासरू असते ते शोभेसाठी. आता वाटते, पूजा करणाऱ्यांना ठाऊक होते की वासरासह सुखरूप उभी असलेली गाय ही एक मोठी लढाई जिंकून आलेली असते. त्या विधवा बाईंना मी आज भेटलो, तर सांगेन की बाई, तुमच्या हाताचा दोष किती आणि रक्ताचा किती, हे मला अजूनही सांगता येत नाही. आणि ते सांगता येत नाही, हा दोष मात्र तुमचा नव्हता आणि गाईचाही नव्हता. तो कागद कोरा ठेवणाऱ्यांचा होता, आणि त्यांत माझी सही आहे.